एकशे सतरा नंबरची कुपी

प्रयोगशाळेत तिला सगळे दाई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. काम तिचं दाईचंच होतं म्हणा ना. ऑपरेशनांत कापून टाकलेल्या कातडीचे तुकडे इस्पितळातून बर्फात घालून येत. ती ते धुवायची, बारीक चिरायची, त्यांतल्या पेशी सुट्या करायची आणि काचेच्या बशीत रुजवायची. मग तीन आठवडे त्यांना खाऊ घालायचं, ऊब द्यायची, दिवसातून दोनदा डोकावून बघायचं. एवढं केलं की बशीच्या तळाला पातळ, पांढुरका पापुद्रा धरायचा. माणसाच्या बाहेर वाढलेली माणसाची कातडी. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली दहांतल्या चार बश्या नासायच्या, हिच्या हाताखाली एखादी. "हिच्या हाताला गुण आहे," असं मोठ्या बाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या. मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. साठीला टेकलेल्या, आवाज खणखणीत, आणि हातात कायम अर्धा प्यालेला चहा.

आणि या दाईच्या पोटच्या पोरीला धड कातडी नव्हती.

पोर नऊ वर्षांची. तान्हेपणी तिला कापडाच्या बाहुलीसारखं पट्ट्यांत गुंडाळून ठेवावं लागे, म्हणून घरात तिचं नाव ठकी पडलं. पायांवर माशासारखे खवले. कोपरांच्या नि गुडघ्यांच्या लवणीत कायम लाल, ओलं, चिघळलेलं. सकाळी चादर झटकली की खिडकीतल्या उन्हात कोंडा तरंगत राहायचा. खाजवू नये म्हणून झोपताना हातांत सुती मोजे घालायचे, तरी सकाळी मोजे रक्ताने ताठ झालेले असायचे. रोज आंघोळीनंतर डोक्यापासून पायापर्यंत जाडसर मलम चोपडायचं. ते आटोपून दाई कामाला जायची आणि दिवसभर परक्या माणसांच्या कातडीला दूधभात भरवावा तशी जपत बसायची.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," नवरा एकदा म्हणाला होता. म्हणाला हसत, पण दोघांपैकी कुणालाच हसू आलं नव्हतं.

नवरा पुस्तकांच्या बांधणीचं काम करायचा. दिवसभर खळ, पुठ्ठा आणि दोरा. त्याच्या तळहातांवर रेषांचं असं दाट जाळं होतं की, "माझा हात बघायला बसलेला ज्योतिषी वाट चुकेल," असं तो स्वतःच सांगायचा. दोष तो खळीला द्यायचा. दाईचेही तळहात तसेच. ती दोष द्यायची दिवसभर चढवाव्या लागणाऱ्या रबरी हातमोज्यांना.

ठकीला काय झालंय ते दाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कातडीचा सगळ्यांत वरचा थर म्हणजे विटांची भिंत. पेशी मरताना चपट्या होतात आणि त्यांच्या विटा बनतात. त्या विटा घट्ट बसवायच्या आणि त्यांच्यात ओल धरून ठेवायची, हे काम एक प्रथिन करतं. फिलाग्रिन त्याचं नाव. ते कमी पडलं की भिंतीला भेगा. आतलं पाणी बाहेर जातं, बाहेरची धूळ, साबण, जंतू आत येतात. प्रयोगशाळेत गेली सहा वर्षं हेच काम चाललं होतं. निरनिराळी संयुगं बशीतल्या कातडीवर घालायची आणि हे प्रथिन वाढतंय का ते बघायचं. कुठलं संयुग झाडाच्या सालीतून काढलेलं, कुठलं कारखान्यात जोडलेलं. प्रत्येकाला नुसता नंबर. बहुतेक काहीच करत नसत. काही तर होतं तेही प्रथिन घालवून बसत.

त्या वर्षी ठकीचं जास्तच बिघडलं. डॉक्टरांच्या मलमाने लाली उतरायची, पण ते फार दिवस लावलं तर आधीच विरलेली कातडी आणखी विरते, म्हणून दोन आठवडे लावा, दोन आठवडे थांबा, असं चाललं होतं. थांबायच्या आठवड्यांत पोर रडून रडून थकायची. अशात शाळेतून चिठ्ठी आली. काही पालकांची तक्रार आहे, इतर मुलांना संसर्गाची भीती वाटते, तरी मुलगी पूर्ण बरी होईपर्यंत तिला घरीच ठेवावं. नवऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी केली आणि म्हणाला, "पूर्ण बरी होईपर्यंत. म्हणजे नाव काढूनच टाका, असं म्हणायचंय त्यांना."

ठकी ऐकत होती. त्या संध्याकाळी मलम लावून घेताना तिने विचारलं, "आई, तू तिकडे कातडी करतेस ना?"

"हो."

"मग माझ्यासाठी एक करून आण की. मापं हवीत तर घे. पूर्ण अंगाची नको, हातपायांची आणि मानेची झाली तरी चालेल."

दाईने मलमाचं झाकण लावलं. "एवढी मोठी नाही होत गं. नखाएवढी होते."

"मग नखाएवढ्या खूप कर," ठकी म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात एकशे सतरा नंबरचा निकाल आला. बशीतल्या कातडीतून काढलेलं प्रथिन पडद्यावर काळ्या पट्टीसारखं दिसतं. जितकं जास्त, तितकी पट्टी गडद. एकशे सोळापर्यंत सगळ्या पट्ट्या पेन्सिलीने ओढल्यासारख्या फिकट. एकशे सतराची मात्र काजळाच्या बोटाने ओढावी तशी. मोठ्या बाईंच्या हातातला चहा सांडला.

"चौपट! दाई, बघ, चौपट आहे हे! कुठल्या बश्या वापरल्या होत्यास?"

"पाच वेगवेगळ्या माणसांच्या, बाई. पाचांतही तसंच आलंय."

बाईंनी तिला मिठी मारली. दाईच्या घशाशी आलेलं एकच वाक्य होतं, ते बाहेर पडलं. "माणसांना कधी देता येईल?"

बाई भानावर आल्या. ठकीचं त्यांना ठाऊक होतं. खुर्ची ओढून त्या तिच्यासमोर बसल्या. "आता उंदीर. मग मोठी जनावरं. मग विषारी आहे का ते बघायचं. मग धडधाकट माणसं, मग आजारी माणसं, आणि मुलं सगळ्यांत शेवटी. नऊ-दहा वर्षं लागतील. तेही मध्ये कुठे माशी शिंकली नाही तर."

"ती एकोणीस वर्षांची होईल."

"हो," बाई म्हणाल्या. "तो फॉर्म भरलास का?"

अकरा महिन्यांपूर्वी बाईंनीच आणून दिलेला फॉर्म होता तो. ठकीच्या लाळेचा नमुना द्यायचा, मग ते प्रथिन बनवण्याचा साचा तिच्यात कसा आहे ते कळतं. माणसाला हा साचा दोनदा मिळतो, एक आईकडून, एक बापाकडून. एक फुटका असेल तर कातडी कोरडी राहते. दोन्ही फुटके असतील तर ते प्रथिन तयारच होत नाही. फॉर्म दाईच्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली पडून होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली नाही तोवर आत एखादा धड साचा असेलच, असं तिला स्वतःला सांगता येत होतं.

"भरते," ती म्हणाली.

कुपी तिने एका मंगळवारी दुपारी घेतली. सगळे जेवायला गेले होते. खोल गारठ्याच्या कपाटातून ती बाहेर काढली, दंडाशी बाहीत सरकवली आणि नोंदवहीत लिहिलं की एकशे सतरा नंबरची एक कुपी हातातून निसटून फुटली. चौदा वर्षांत तिच्या हातून काही फुटलं नव्हतं. म्हणूनच कुणी विचारलं नाही.

आधी तिने स्वतःवर करून पाहिलं, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, दोन बोटं रुंद जागेवर, रोज थेंबभर. ज्या द्रावकात ते संयुग विरघळवलेलं होतं ते कातडीतून सरळ आत शिरतं आणि थोड्या वेळाने श्वासाला लसणाचा वास येतो. म्हणून ती लवंग चघळायची. तीन आठवड्यांनी तिने त्या जागेवरून अंगठा फिरवला. आजूबाजूची कातडी नेहमीसारखी खरखरीत होती. ती दोन बोटांची जागा मऊ होती, पावसाळी मातीसारखी ओलसर, भरलेली. तिला स्वतःच्या हाताचा हेवा वाटला. बाथरूमचं दार लावून ती नळ सोडून रडली.

माझ्यावर चाललं, ती माझ्याच रक्तामांसाची, तिच्यावर का चालणार नाही? हा हिशेब तिने इतक्यांदा मांडला की तो चुकू शकतो हेच ती विसरली.

ठकीला तिने सांगितलं की हे नवं औषध आहे, कामावरून आणलंय आणि अजून कुणाला सांगायचं नाही.

"बाबालाही नाही?"

"बाबालाही नाही. चांगला गुण आला की आपण दोघी मिळून सांगू."

"गंमत करायची त्याची," ठकी म्हणाली. तिचे डोळे लकाकले. कितीतरी दिवसांत लकाकले नव्हते.

पहिले चार दिवस फक्त डावं कोपर. दाई रोज दुपारी घरी धावत यायची, पोरीचा हात मांडीवर घ्यायची आणि मलमात मोजून मिसळलेलं औषध हलक्या बोटाने लावून अर्धा तास तशीच बसायची. चौथ्या दिवशी ठकी म्हणाली, खाज कमी आहे. खरंच कमी होती की आई रोज अर्धा तास हात धरून बसते याचाच तो गुण होता, कोण जाणे. दाईने त्यावर विचार केला नाही. तिला जे ऐकायचं होतं तेच तिने ऐकलं.

"आता दुसऱ्या कोपराला लाव," ठकी म्हणाली. दुसऱ्या दिवशी, "पायांना पण." त्याच्या दुसऱ्या दिवशी, "पाठीला लाव ना गं, पाठच तर सगळ्यांत खाजते. आई, प्लीज." ती पाठ करून बसली. खांद्यांच्या मध्ये, जिथे तिचा हात पोचत नसे तिथे, तिने पट्टीने खाजवून खाजवून कातडी सोलून काढली होती. प्रयोगशाळेतली दाई असती तर तिने थांबायला सांगितलं असतं. उघड्या जखमेवर, एवढ्या मोठ्या भागावर, एवढ्या लहान अंगावर काहीही लावलं तर ते कातडीवर राहत नाही, सरळ रक्तात जातं. भिंतच नाही तिथे अडवणार कोण? पण तिथे आई होती. तिने पाठीला लावलं. मग मांड्यांना, मग मानेला.

रविवारी सकाळी ठकी उठलीच नाही. नवरा तिला हाक मारायला गेला आणि त्याने जी हाक मारली ती बायकोसाठी होती. पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं, कातडी शेंदरी लाल, उशीवर उलटी. डोळे उघडले तर पांढऱ्यावर पिवळी झाक. नवऱ्याने तिला उचलून छातीशी धरलं आणि तो थबकला.

"हिच्या तोंडाला लसणाचा वास का येतोय? घरात लसूण तर नाहीय."

दाई दारात उभी होती. "तापाचा असेल," ती म्हणाली.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने भराभर रक्त घेतलं, सलाईन लावलं, पोट दाबून पाहिलं. उजव्या बरगडीखाली दाबल्यावर ठकी कळवळली.

"काही नवीन लावलंत का अंगाला? नवं मलम, तेल, पाला, काहीही?"

"नाही. नेहमीचंच," दाई म्हणाली.

"नक्की? कातडीत जंतू शिरले असतील तर मी एक औषध देणार. पण विषबाधा असेल तर तेच औषध हिच्या यकृताला झेपणार नाही. म्हणून विचारतेय."

"नाही लावलं काही."

नवरा तिच्याकडे बघत होता. लग्नाला तेरा वर्षं झाली होती. ती खोटं कधी बोलते ते त्याला कळत होतं, पण ती कशाबद्दल खोटं बोलत असेल ते त्याला सुचत नव्हतं. डॉक्टरीण वळली, परिचारिकेला इंजेक्शन भरायला सांगू लागली. तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला.

"आई, सांगू का?"

ठकीचे डोळे मिटलेले होते. ओठ फुटले होते. "आई, आता सांगू का गं मी? की अजून नाही सांगायचं?"

दाईने खाटेचा लोखंडी दांडा धरला. एवढ्या तापात, एवढ्या कळांत पोरीने वचन पाळलं होतं. आईचं गुपित ती जिभेखाली धरून बसली होती आणि परवानगी मागत होती.

"ते इंजेक्शन थांबवा," दाई म्हणाली. "मी सांगते."

तिने सांगितलं. नवरा भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. डॉक्टरीण म्हणाली, "एकशे सतरा म्हणजे काय? कुठल्या पुस्तकात सापडेल मला ते?"

"कुठल्याच नाही. एकाच माणसाला माहितीय."

मोठ्या बाई वीस मिनिटांत आल्या. घरातल्या सपाता, केस विस्कटलेले, काखेत फाइल. त्यांनी दाईकडे पाहिलं, पण शिव्या दिल्या नाहीत. "किती दिलंस? कधीपासून? कशात मिसळून? किती भागावर?" एवढंच विचारलं, आणि दाईने स्वतःच्या हातावर लावलं तेव्हापासूनचा थेंबाथेंबाचा, बोटाबोटाचा चोख जबाब दिला. चौदा वर्षं दिला तसाच. बाई आकडे फाइलीच्या पाठीवर लिहीत होत्या.

"उंदरांचे निकाल शुक्रवारी संध्याकाळी आले," बाई डॉक्टरणीला म्हणाल्या. "ज्यांना जास्त दिलं त्यांचं यकृत सुजलं. औषध थांबवल्यावर बहुतेक आठ-दहा दिवसांत सावरले. अंग आधी धुऊन काढा, कोमट पाण्याने, घासू नका. पाणी भरपूर चढवा. ताप उतरवायचं नेहमीचं औषध अजिबात नको, यकृतावरच जातं ते."

"बहुतेक म्हणजे?" नवऱ्याने जमिनीवरूनच विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "वीसपैकी सतरा."

त्याने तोंड तळहातांत झाकलं. मग हात खाली घेतले तेव्हा बाई पुढे झाल्या, त्याचा उजवा हात त्यांनी धरला आणि खिडकीच्या उजेडात उलटा केला. त्या दाट रेषांच्या जाळ्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग दाईचा हात ओढून शेजारी धरला.

"चौदा वर्षं मी तुझे हात हातमोज्यांतच बघितले," बाई म्हणाल्या. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "नमुना पाठवू आपण, पण मला आत्ताच कळलंय. तुम्हा दोघांकडे एकेक साचा फुटका आहे. म्हणून हे तळहात. पण एकेक धड आहे, म्हणून तुमचं निभावलं. पोरीला दोघांकडूनही फुटकाच गेला."

दाईला पुढचं कळलं होतं, तरी बाईंनी ते बोलून दाखवलं, बहुधा नवऱ्यासाठी.

"हे औषध साचा बनवत नाही. असलेल्या साच्याला नुसती हाक देतं, अजून कर, अजून कर म्हणून. तुझ्या हातावर ते चाललं, कारण ऐकणारा एक होता. हिच्यात ऐकायलाच कुणी नाही. दहा वर्षांनी बाजारात आलं असतं तरी हिला त्याचा उपयोग नव्हता. तू कुपी घेतलीस याचा राग मला नंतर येईल. पण तो फॉर्म भरला असतास तर तीन दिवसांत मी हे तुला सांगितलं असतं."

"तेच ऐकायचं नव्हतं मला, बाई," दाई म्हणाली.

सतरांतली की तिघांतली, हे कळायला पाच दिवस लागले. ते पाच दिवस कसे गेले ते दाईने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ठकी बरळत होती. तिसऱ्या दिवशी तिने कुणाला ओळखलं नाही. दाई खाटेच्या एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. देवाला काय मागायचं हेही तिला उमगेना. बरी कर म्हणावं तर, बरी म्हणजे कशी? आधीसारखी? त्या आधीसारखीतून सोडवायलाच तर तिने हे सगळं केलं होतं, आणि आता पदर पसरून ती तेवढंच मागत होती. खवले असू देत, मोजे असू देत, कोंडा असू दे. सहाव्या दिवशी सकाळी रक्ताचे आकडे खाली आले. डॉक्टरीण धावतच सांगायला आली. ठकीने डोळे उघडले आणि म्हणाली, "खाजतंय." नवरा ढसाढसा रडला.

लाळेच्या तपासणीचा कागद त्याच आठवड्यात आला. बाईंनी तळहात बघून सांगितलं होतं तेच त्यात छापलेलं होतं.

दाईची नोकरी गेली. चौकशी बसली, बाईंनी जे खरं ते सांगितलं, आणि दाईनेही. एकशे सतराचं काम पाच महिने बंद राहिलं. दुसऱ्या कुणाच्या तरी लेकरांना ते कदाचित उपयोगी पडलं असतं, त्यांच्यापासून ते पाच महिने आणखी लांब गेलं, हेही दाईला ठाऊक होतं. चौकशीच्या खोलीतून बाहेर पडताना बाई तिला जिन्यात भेटल्या. "निम्म्या बश्या नासल्या," एवढंच म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. त्यात राग किती आणि दुसरं काय किती, ते तिला कळलं नाही.

घरी नवऱ्याने मलमाचा डबा स्वतःकडे घेतला. रोज सकाळी तोच ठकीला लावायचा, दाईला हात लावू द्यायचा नाही. भांडला नाही, टाकून बोलला नाही. एकदाच, पोर बाहेरच्या खोलीत असताना म्हणाला, "मी अडवीन म्हणून तू मला सांगितलं नाहीस ना?"

"हो."

"मी अडवलं नसतं गं. मीच म्हटलं असतं, लाव. तुझ्यावर ओरडायला तोंड उघडतो आणि हे आठवतं."

राहता राहिली ठकी. तिला खरं सांगायचं काम दाईने अंगावर घेतलं. दुपारची वेळ होती. ती तिच्या समोर बसली आणि साचे, फुटके, धड, सगळं काही न लपवता सांगितलं. ते औषध तुझ्यासाठी नव्हतं, मी न विचारता आणलं, तुझा जीव जाणार होता, हेही.

"म्हणजे मी अशीच राहणार?"

"आज तरी याच्यावर औषध नाही. कुणीतरी शोधेल. कधी, ते मला माहीत नाही."

"हे पण खोटं नाहीय ना?"

"नाही."

ठकी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दोन दिवस ती आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाली, "पूर्ण बरी होईपर्यंत येऊ नको म्हणाले होते ते. आता मी पूर्ण बरी होणारच नाहीय, तर मग शाळेत जायचं का नाही?"

दाईने तिचे केस विंचरले, गणवेश चढवला, तपासणीचा कागद घेतला आणि तिला शाळेत नेलं. मुख्याध्यापिकांनी कागद वाचला, चष्मा काढला, परत घातला. "हे लागट नाही, हे मला पटतंय हो," त्या म्हणाल्या, "पण मुलांना कोण सांगणार?"

"मी सांगते."

वर्गात चाळीसेक मुलं होती. दाई फळ्यापाशी उभी राहिली. गेली चौदा वर्षं ती बश्यांशी बोलली होती, माणसांच्या घोळक्यापुढे कधी नाही. तिने खडूने विटांची भिंत काढली, वाकडीतिकडी. कातडी म्हणजे काय, हिच्या भिंतीत काय कमी आहे, ते शेजारी बसल्याने का लागत नाही, सगळं सांगितलं. ठकी दाराजवळ उभी होती, लांब बाह्यांत हात ओढून घेतलेली.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "तिला दुखतं का?"

दाईने तोंड उघडलं. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, नातेवाइकांना ती नऊ वर्षं सांगत आली होती की सवय झालीय हो तिला आता.

"हो," ठकी दारातून म्हणाली. "रोज दुखतं." मग तिने उजवी बाही कोपराच्या वर सरकवली आणि त्या मुलीच्या बाकाकडे चालत गेली.